कर्बवायु, ओझोन आणि वनवृक्षांची वाढ

हवेंतील कर्बवायु वर्षानुवर्षे वाढत आहे आणि कर्बवायु हेंच तर झाडाचें मुख्य अन्न. तेव्हां यापुढें झाडें आपोआप अधिक जोमानें वाढतील, आणि बांधावर किंवा पडीत जमिनींत लाविलेला साग अथवा निलगिरी पूर्वीपेक्षां लवकर तोडणीस येईल, असें विधान हल्लीं पुष्कळांच्या तोंडून ऐकूं येतें. रोपें विकणारे तें करितात, झाडांनीं शोषिलेल्या कर्बाचे पैसे मिळवून देऊं म्हणणारे दलाल करितात, आणि कांहीं विद्वानांनींही कमीअधिक फरकानें तें केलेलें आहे. विधान अगदींच खोटें नाहीं. म्हणूनच तें तपासून घेणें जरूर आहे. गव्हाचें पीक फसलें तर एका हंगामाचें नुकसान होतें. झाड लावणाऱ्याची चूक दहाव्या किंवा विसाव्या वर्षीं उघडकीस येते, आणि तोंपर्यंत जमीन अडकून पडलेली असते.

प्रथम विधानांतील खरा भाग पाहूं. कर्बवायु म्हणजे ज्यास इंग्रजींत कार्बन डायॉक्साइड म्हणतात तो वायु. यंत्रयुगापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत त्याचे सुमारें २८० भाग होते. १९५८ सालीं हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर चार्ल्स कीलिंग यांनीं नियमित मोजणी सुरू केली तेव्हां हें प्रमाण ३१५ च्या आसपास होतें. २०२४ सालीं तें ४२० च्या वर होतें. पानाच्या पृष्ठावर डोळ्यांस न दिसणारीं असंख्य सूक्ष्म छिद्रें असतात, त्यांस पर्णरंध्रें म्हणतात. त्यांतूनच हा वायु आंत जातो, आणि सूर्यप्रकाशाच्या बळावर पान त्यापासून साखर तयार करितें. हें काम ज्या प्रथिनाकडे सोंपविलेलें आहे तें थोडें भोळें आहे. कर्बवायूऐवजीं कधीं कधीं तें प्राणवायूसच धरून बसतें, आणि मग केलेली कमाई वायां जाते. कर्बवायूचें प्रमाण वाढलें म्हणजे ही चूक कमी होते आणि साखर अधिक बनते. ऊस, ज्वारी, बाजरी व मका यांनीं या अडचणीवर स्वतःच तोड काढलेली आहे. तीं पिकें कर्बवायु आधीं एके ठिकाणीं सांठवून मग कामास लावितात, त्यामुळें वाढत्या कर्बवायूचा लाभ त्यांस फारसा होत नाहीं. भात, गहू, कापूस आणि बहुतेक सर्व वनवृक्ष यांस मात्र तो होतो. शिवाय हवेंत कर्बवायु पुष्कळ असला कीं झाड आपलीं रंध्रें थोडीं आवळून घेतें व त्यामुळें पाण्याचीही कांहीं बचत होते. येथपर्यंत विधान करणाऱ्यांचें बरोबर आहे.

पण त्याच रंध्रांतून दुसराही एक वायु आंत शिरत असतो, आणि त्याचा हिशेब या मंडळींनीं धरलेला नसतो. तो वायु ओझोन. आकाशांत फार उंचावर असलेला ओझोन सूर्याच्या घातक किरणांपासून आपलें रक्षण करितो हें वाचकांस ठाऊक असेलच. जमिनीलगतचा ओझोन हा वायु तोच, पण त्याचें काम उलट. तो कोणत्याही धुराड्यांतून थेट बाहेर पडत नाहीं. मोटारी, वीजकेंद्रें, भट्ट्या आणि आगी यांतून नत्राचे ऑक्साइड व नाना प्रकारच्या कर्बयुक्त वाफा हवेंत जातात, आणि कडक उन्हांत त्यांच्या परस्पर क्रियेनें ओझोन तयार होतो. ही घडण १९५० नंतरच्या कांहीं वर्षांत कॅलिफोर्नियांतील हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञानें उलगडून दाखविली.

येथें शेतकऱ्यानें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. शहराच्या भर रस्त्यावर ओझोन पुष्कळदां कमीच असतो, कारण मोटारींच्या ताज्या धुरांतील एक वायु त्यास तेथेंच खाऊन टाकितो. तोच धूर वाऱ्याबरोबर दूर गेला, त्यावर कांहीं तास ऊन पडलें, कीं ओझोन वाढूं लागतो. म्हणजे धूर करणार शहर आणि झळ सोसणार वाऱ्याच्या वाटेवरचें रान, असा प्रकार होतो. लॉस एंजेलिस शहराच्या पूर्वेस सुमारें शंभर किलोमीटरवर सॅन बर्नार्डिनो नांवाचे डोंगर आहेत. तेथील पाँडेरोसा पाइन वृक्षांच्या सुयांवर १९५० नंतर पिवळे ठिपके दिसूं लागले, आणि जुन्या सुया वेळेआधीं गळून फांद्या विरळ झाल्या. कीड म्हणावी तर कीड सांपडेना, बुरशी म्हणावी तर बुरशी सांपडेना. १९६० नंतर प्रयोगानें सिद्ध झालें कीं हें काम शहराकडून येणाऱ्या ओझोनचें आहे. अशक्त झालेल्या त्या वृक्षांवर मग सालींत शिरणारे भुंगे तुटून पडले आणि पुष्कळ झाडें मेलीं. मृत्यूच्या नोंदींत भुंग्याचें नांव लागलें, पण मूळ कारण वेगळें होतें. पुढें कायदे करून तेथील धूर बराच कमी करण्यांत आला आणि ओझोनही पुष्कळ उतरला, हें न्यायासाठीं सांगितलें पाहिजे.

ओझोनचें प्रमाण किती सूक्ष्म असतें याची कल्पना यावी म्हणून सांगतों. कर्बवायु दहा लक्ष भागांत मोजतात. ओझोन मोजण्यास अब्जाचें माप घ्यावें लागतें. युरोपांत पिकांच्या नुकसानीचा अंदाज करितांना अब्जांत ४० भाग ही रेघ धरतात, व दर तासास ओझोन त्या रेघेच्या वर जितका जाईल त्याची बेरीज करितात. ही रेघ म्हणजे हवेंतील कर्बवायूच्या दहा हजाराव्या हिश्शाइतकी झाली. एवढासा वायु एवढें नुकसान कसें करूं शकतो? पानांत शिरतांच तो पेशींभोंवतालच्या ओलाव्यांत विरघळतो आणि त्यापासून अत्यंत तिखट असे प्राणवायूचे प्रकार निर्माण होतात. ते पेशींचीं पातळ आवरणें जाळितात. झाड स्वस्थ बसत नाहीं. लिंबांत किंवा आंवळ्यांत जें क जीवनसत्त्व असतें तेंच पानांतही असतें, आणि तें या विषास मारण्याच्या कामीं खर्चीं पडतें. पण त्यासाठीं व जळालेलें नीट करण्यासाठीं झाडास साखर मोजावी लागते. जी साखर मुळांकडे किंवा खोडाकडे जावयाची ती पानांच्या डागडुजींत जाते. पानें अकालीं म्हातारीं होऊन गळतात. सर्वांत आधीं मुळांचा पुरवठा तुटतो, आणि तें वरून दिसत नाहीं.

हे दोन्ही वायु एकाच वेळीं वाढले तर काय होईल? बंद खोलींत कुंडींतील रोपांवर केलेल्या प्रयोगांवरून रानाचा अंदाज बांधणें कठीण. म्हणून अमेरिकेच्या विस्कॉन्सिन संस्थानांत ऱ्हाइनलँडर गांवाजवळ एक मोठा उघडा प्रयोग उभारण्यांत आला. जमीन पूर्वीं शेतीखालीं असलेली होती. तीस मीटर व्यासाचीं बारा वर्तुळें आंखून १९९७ सालीं त्यांत रोपें लाविलीं. प्रत्येक वर्तुळाच्या अर्ध्या भागांत केवळ अ‍ॅस्पेन, एका चतुर्थांशांत अ‍ॅस्पेन आणि बर्च, उरलेल्या चतुर्थांशांत अ‍ॅस्पेन आणि साखरेचा मेपल. अ‍ॅस्पेन म्हणजे आपल्या उत्तरेकडील शेतकरी लावितात त्या पॉप्लरचा सख्खा भाऊ. बर्च म्हणजे हिमालयांतील भूर्जवृक्षाचा आप्त. वर्तुळाभोंवतीं उभे नळ होते. वारा ज्या बाजूनें येईल त्या बाजूच्या नळांतून यंत्र वायु सोडी, म्हणजे वारा तो झाडांवर आपणच पसरवी. तीन वर्तुळांस कांहींच दिलें नाहीं. तीन वर्तुळांत कर्बवायु दहा लक्षांत ५६० पर्यंत चढविला, तीन वर्तुळांत ओझोन भोंवतालच्या हवेच्या सुमारें दीडपट केला, आणि शेवटच्या तीन वर्तुळांत दोन्ही दिले. १९९८ पासून दहा-बारा हंगाम, पानें हिरवीं असतील तेवढे दिवस, उजेडांत हें काम चाललें. छत नाहीं, भिंत नाहीं. पाऊस, हिम, किडे, रोग सर्व नेहमींप्रमाणें.

पहिल्या सात वर्षांच्या अखेरीस जें आढळलें तें आपल्या मापांत मांडतों. साध्या हवेंत वाढलेल्या झाडांचें मुळांसकट वजन शंभर मण धरलें, तर केवळ अ‍ॅस्पेनच्या भागांत कर्बवायूनें तें १२५ मण झालें, ओझोननें ७७ मणांवर आलें, आणि दोन्ही वायु एकत्र दिले तेथें ९२ मण भरलें. अ‍ॅस्पेन व बर्च यांच्या मिश्र भागांत हेच आंकडे अनुक्रमें १४५, ८७ आणि १०८ असे निघाले. अ‍ॅस्पेन व मेपल यांच्या भागांत १६०, ८६ आणि १२४.

हे आंकडे दोनदां वाचण्यासारखे आहेत. कर्बवायूमुळें रंध्रें आवळलीं जातात, म्हणून ओझोन आंत कमी शिरेल व झाडाचें आपोआप रक्षण होईल, अशी पुष्कळांची अपेक्षा होती. तें रक्षण पुरेसें झालें नाहीं. केवळ अ‍ॅस्पेनच्या भागांत कर्बवायूनें दिलेले पंचवीस मण ओझोननें परत घेतले आणि वर आठ मण आणखी नेले. मिश्र भागांत कांहीं नफा शिल्लक राहिला, पण तोही कापून. जो कोणी तुम्हांस कर्बवायूचा एकट्याचा आंकडा दाखवील, त्यास दुसऱ्या वायूचा आंकडा विचारावा.

वजनाखेरीज दुसऱ्याही गोष्टी दिसल्या, आणि माझ्या मतें शेतकऱ्यास त्याच अधिक महत्त्वाच्या आहेत. ओझोनच्या वर्तुळांत अ‍ॅस्पेनच्या पानांवर तांबेरा तिपटीपासून पांचपटीपर्यंत वाढला. पानावरील मेणाच्या थरांत फरक पडल्यामुळें बुरशीस तेथें चांगलें घर मिळालें, असा निष्कर्ष निघाला. अ‍ॅस्पेनचा पाला खाणारी एक केसाळ अळी त्या रानांत दर कांहीं वर्षांनीं उठते. ती ओझोनग्रस्त पाल्यावर अधिक पोसली. गव्हावरचा तांबेरा आणि हरभऱ्यावरची अळी यांशीं झगडणाऱ्या आपल्या वाचकांस यांत नवल वाटणार नाहीं. अशक्त पीक रोगास बोलावितें हें आपण जाणतोंच. येथें अशक्तपणा हवेंतून येतो, एवढाच फरक.

आणखी एक. त्या अ‍ॅस्पेनमध्यें पांच निरनिराळ्या कुळांचीं रोपें मुद्दाम लाविलेलीं होतीं. प्रत्येक कूळ म्हणजे एकाच मातृवृक्षापासून कलमानें वाढविलेलीं अगदीं एकसारखीं झाडें. जमीन तीच, पाऊस तोच, ओझोनही तोच. तरी २५९ क्रमांकाचें कूळ ओझोननें लवकर खचलें आणि २७१ क्रमांकाचें बरेंच टिकलें. दिसावयास दोन्ही अ‍ॅस्पेनच. मिश्र भागांत ओझोनमुळें अ‍ॅस्पेन मागें पडून बर्चनें त्याची जागा अधिक वेगानें घेतली. या सर्वांचा परिणाम पुढील वर्षांत दिसून आला. प्रयोगाच्या शेवटीं, म्हणजे सुमारें दहा-बारा वर्षांनीं, ओझोनच्या वर्तुळांतील रानाची एकंदर वार्षिक वाढ साध्या हवेंतील रानाच्या बरोबरीस आली. नाजूक झाडें मागें हटलीं, त्यांचा उजेड आणि त्यांचें पाणी कणखर झाडांनीं घेतलें, आणि तूट भरून निघाली. कर्बवायूच्या वर्तुळांत मात्र वार्षिक वाढ शेवटपर्यंत सुमारें शेंकडा २६ अधिक राहिली, कारण अधिक पाला पडून तो कुजला व मातींतून नत्र पुरेसें मिळत गेलें.

कांहीं मंडळी या शेवटच्या निकालाचा आधार घेऊन म्हणतात कीं मग ओझोनची काळजी कशाला? रान आपणच सांवरतें. रान सांवरतें हें खरें, पण तें कसें सांवरतें तें पाहावें. त्याच्यापाशीं निवड करावयास नाना प्रकारचीं झाडें होतीं. एकाच कुळाच्या हजार रोपांचा मळा लाविणाऱ्याच्या शेतांत कोण कोणाची जागा घेणार? तें कूळ नाजूक निघालें तर सगळींच झाडें नाजूक. पंजाब, हरियाणा आणि उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागांत गव्हाच्या व उसाच्या शेतांत पॉप्लर लावितात आणि त्याचें लांकूड यमुनानगरच्या पेठेंत प्लायवुडासाठीं जातें. तीं सर्व झाडें कलमांचीं, निवडक कुळांचीं. आपल्याकडील निलगिरीची कलमी लागवड आणि प्रयोगशाळेंत वाढविलेलें सागाचें रोप यांचीही स्थिति तीच. एकसारखेंपण तोडणीच्या व विक्रीच्या सोयीचें असतें हें मान्य. त्याची किंमत कोठें द्यावी लागते तें वरील प्रयोगांत दिसतें.

दुसऱ्या ठिकाणच्या प्रयोगांचाही थोडक्यांत उल्लेख केला पाहिजे, नाहींतर कर्बवायूपासून सर्वत्र शेंकडा २६ लाभ होतो असा ग्रह व्हावयाचा. टेनेसी संस्थानांतील ओक रिज येथें स्वीटगम जातीच्या झाडांस केवळ कर्बवायु दिला. आरंभीं वाढ शेंकडा २४ अधिक होती; २००८ पर्यंत ती शेंकडा ९ वर उतरली, कारण मातींतील नत्र अपुरें पडलें. ऑस्ट्रेलियांत सिडनीजवळ मोठ्या निलगिरीच्या जुन्या रानांत पानांनीं कर्बवायु अधिक घेतला, पण लांकूड वाढलें नाहीं. तेथील मातींत स्फुरद अत्यंत कमी. जादा कर्ब मुळांवाटे मातींत गेला आणि तेथील सूक्ष्म जीवांच्या श्वासावाटे पुन्हां हवेंत आला. उलट इंग्लंडांत सुमारें १८० वर्षांच्या ओक वृक्षांचें लांकूड सात वर्षांत शेंकडा दहाच्या आसपास अधिक वाढल्याचें २०२४ सालीं प्रसिद्ध झालें. म्हणजे जमिनीची कुवत पाहिल्यावांचून हवेचा लाभ मोजतां येत नाहीं, आणि हें तर शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. ओझोन हा आपल्याकडचा प्रश्नच नव्हे अशी कोणाची समजूत असल्यास ती सोडावी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं इतर देशांतील सहकाऱ्यांसह २०१४ सालीं एक हिशेब प्रसिद्ध केला. त्याप्रमाणें २००५ या एका वर्षांत भारतांत ओझोनमुळें गव्हाचें सुमारें ३५ लक्ष टन व तांदुळाचें सुमारें २१ लक्ष टन उत्पन्न बुडालें. हा हिशेब पिकांचा आहे, वृक्षांचा नाहीं; परंतु पिकाच्या पानांत जो शिरतो तोच झाडाच्या पानांतही शिरतो.

आपल्या पठारावर पावसाळ्यांत ओझोन सर्वांत कमी असतो. ढग ऊन अडवितात आणि समुद्रावरचा वारा स्वच्छ असतो. पावसाळा सरला कीं तो चढूं लागतो आणि उन्हाळ्याच्या तोंडीं बराच वाढतो. यावरून माझा एक तर्क आहे. तो तर्क म्हणूनच घ्यावा. साग ऐन उन्हाळ्यांत निष्पर्ण उभा असतो आणि पावसाळ्याच्या तोंडीं नवीं पानें काढितो. ज्यास पानच नाहीं त्यास ओझोन शिवणार कोठें? पानझडीनें सागाचें पाणी वांचतें हें आपण जाणतों. त्यासोबत ही विषारी हवाही थोडीफार चुकत असावी. आंबा, निलगिरी यांसारखीं सदा हिरवीं झाडें मात्र तो सर्व काळ पानांनिशीं सोसतात. अर्थात् कडक उन्हांत पाण्याअभावीं रंध्रें मिटलेलीं असतात तेव्हां त्यांसही थोडें संरक्षण मिळतें, आणि ज्यास भरपूर पाणी दिलेलें आहे तें झाड उघड्या रंध्रांनीं अधिक ओझोन घेतें.

शहराचा धूर आपल्या हातीं नाहीं. पण उसाच्या तोडणीनंतर फडांत पाचट पेटविण्याची जी चाल आहे, तिचा धूर याच ओझोनच्या हंगामांत हवेंत जातो आणि त्यांत ओझोन घडविणारे सर्व पदार्थ असतात. पाचट जाळूं नये हें आजवर मातीच्या हितासाठीं सांगत आलों. आतां त्यास हेंही एक कारण जोडावें. नवी लागवड करणाऱ्यानें रोपवाटिकेंत रोपाच्या दराबरोबरच तीं किती कुळांचीं आहेत हेंही विचारावें. उत्तर एकाच कुळाचें आलें, तर निदान दोनतीन कुळांचीं किंवा जातींचीं रोपें आळीपाळीनें मिसळून लावावींत, आणि लागवडीचे उत्पन्नाचे अंदाज मांडितांना कर्बवायूचा म्हणून जो लाभ दाखविलेला असेल तो बेरजेंत धरूं नये.

ओझोनची इजा ओळखावी कशी, असें कांहीं वाचक विचारतील. कोळ्याच्या उपद्रवाशीं तिची गल्लत सहज होते. कोळी बहुधा पानाच्या खालच्या बाजूस असतो, भिंगानें दिसतो आणि बारीक जाळें सोडितो. ओझोनचे ठिपके पानाच्या वरच्या बाजूस, शिरांच्या मधल्या जागेंत उठतात. ते तांबूस, काळसर किंवा पिवळट असून टांचणीच्या टोकाएवढे असतात, शिरा मात्र हिरव्याच राहतात. जुन्या पानांवर ते आधीं दिसतात, कोंवळ्या पानांवर क्वचित्. फांदीवर जेथें एक पान दुसऱ्यावर पडलेलें असेल तेथें वरचें पान उचलून पाहावें. खालच्या पानाचा झांकलेला भाग स्वच्छ आणि उघडा भाग ठिपक्यांनीं भरलेला आढळल्यास दोष किडीचा नसून हवेचा असण्याचा संभव फार.